डॉक्टरीणबाईंच्या गाडीतली मधली पेटी

नव्या गाड्यांत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये जी पेटी असते, जिच्यातून गिअरचा दांडा वर येतो, तिला लोक आता सेंटर कन्सोल म्हणतात. आम्ही तिला मधली पेटी म्हणायचो. अशा बऱ्याच पेट्या पुढे मी केल्या, पण पहिली केली ती दिग्रसच्या एका डॉक्टरीणबाईंच्या जुन्या अँबॅसिडरसाठी. तेव्हा माझा मोठा भाऊ आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. दोन वर्षं होत आली होती. चूक माझी होती, आणि ती काय होती ते आधी सांगायला हवं.

आमचं दुकान वडिलांनी सुरू केलेलं. ते गेल्यावर अर्ध्या भागात भाऊ गाड्या दुरुस्त करायचा आणि अर्ध्यात मी सीटा शिवायचो. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याच्या भागात जमिनीत एक खड्डा होता, माणूस उभा राहील एवढा खोल, आतून विटांनी बांधलेला, उतरायला पायऱ्या. गाडी वर उभी करायची आणि खाली उतरून ताठ उभं राहून काम करायचं. तो खड्डा भावानं आणि वडिलांनी मिळून एका उन्हाळ्यात खणला होता. मी तेव्हा शाळेत होतो. भाऊ त्या खड्ड्यात उतरला की त्याचा आवाज बदलायचा; खालून पाना मागितला की घुमून वर यायचा.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. दिवाळी होऊन गेली तरी कापसाच्या जिनिंग कारखान्यांच्या फाटकांची कुलपं निघेनात. ज्या व्यापाऱ्यांच्या जीपांच्या सीटा मी दरवर्षी नव्या करायचो, ते फाटलेल्या सीटेवर चादर टाकून भागवू लागले. भावाकडे तर आठवड्यात एखादी गाडी. त्याला कुणीतरी सांगितलं की वणीकडे कोळशाच्या खाणींवर ट्रकांचं काम भरपूर आहे. तो म्हणाला, दोन महिने जाऊन येतो. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. चिठ्ठी नाही, फोन नाही. अम्मी रोज विचारायची आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं.

त्या दिवसांत एक माणूस झेरॉक्स आणि एसटीडीच्या दुकानासाठी जागा शोधत आला. त्याला भावाचा अर्धा भाग पसंत पडला. फक्त जमीन सपाट पाहिजे, म्हणाला. मी एक रात्र विचार केला आणि सकाळी मुरुमाच्या ट्रॉल्या बोलावल्या. खड्डा बुजवला, वरून सिमेंट ओतलं. भावाला विचारलं नाही. तो कुठं आहे ते ठाऊक नव्हतं हे खरं, पण वणीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारलं असतं तर दोन दिवसांत पत्ता लागला असता, हेही खरं.

भाऊ परत आला तो महिनाभरानं. दारात उभा राहिला. झेरॉक्सचं मशीन चालू होतं, हिरवा उजेड सरकत होता. त्यानं चप्पल काढली आणि पायाच्या बोटांनी ते सिमेंट दाबून पाहिलं. मला म्हणाला, "बराबर केलं." आणि निघून गेला. त्यानं बसस्टँडच्या रस्त्याला टिनाची शेड घातली आणि तिथं जॅक लावून, गाडीखाली पाठीवर झोपून काम सुरू केलं. आमचं घर एकच होतं, अंगणही एकच. सकाळी नळावर आम्ही एकामागे एक उभे राहायचो आणि बोलायचो नाही. अम्मी एक दिवस त्याच्याकडे जेवायची, एक दिवस माझ्याकडे.

डॉक्टरीणबाई माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांचा डावा हात त्यांनी पोटाशी धरला होता. वय साठीच्या आसपास, बुटक्या, बोलणं तुटक. गावातल्या निम्म्या लोकांचा जन्म त्यांच्या हातून झालेला, माझाही. त्यांची अँबॅसिडर त्यांच्या वडिलांची होती, आणि गिअर जुन्या पद्धतीचा, स्टिअरिंगच्या खाली डाव्या बाजूला. गिअर बदलायचा म्हणजे डावा हात उचलून पुढे न्यायचा. वर्षभरापासून त्यांचा डावा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. ड्रायव्हर होता तो कामासाठी पुण्याला निघून गेला. बाई दर सोमवारी बंजारा लोकांच्या एका तांड्यावर जाऊन रोगी तपासत बसायच्या. त्या वर्षांत तांड्यावरच्या बायका दुसरं काही सांगत नसत, झोप येत नाही एवढंच सांगत, असं बाईच एकदा म्हणाल्या होत्या. तीन सोमवार झाले, त्या गेल्या नव्हत्या.

"गिअर खाली जमिनीवर घेतला तर हात उचलावा लागणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझा भाऊ करतो म्हणाला. भंगारातून पाच गिअरचा बॉक्स आणलाय त्यानं, इंजिनाला जोडायची पट्टी लेथवर करून घेतली. बॉक्स बसला पण. आता पुढची लांब सीट कापून दोन सीटा करायच्या आणि मधे गिअरभोवती पेटी बसवायची. ते त्याचं काम नाही, तुझं आहे."

मी म्हटलं, "बाई, आमचं बोलणं नाही."

"मला माहीत आहे. तुमचं काय असेल ते तुम्ही बघा. मला सोमवारी गाडी पाहिजे."

तो गुरुवार होता.

मी टेप, खडू आणि पुठ्ठा घेऊन शेडवर गेलो. गाडीखालून भावाचे पाय बाहेर आले होते. मी त्याच्या पायांकडे पाहिलं, त्याला माझे पाय दिसले असतील. मी आत बसलो. गाडीच्या मधोमध जमिनीचा जो उंचवटा असतो तो त्यानं कापला होता, वर पत्र्याचं झाकण बसवलं होतं, आणि झाकणातून गिअरचा दांडा उभा होता. झाकणावर खडूनं त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: इथून चार बोटं सोड. एवढंच. मी ते दोनदा वाचलं. दोन वर्षांत त्यानं मला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द होते.

मी चार बोटं सोडली. दांडा जिथं उभा होता तिथून मापं घेतली, पुठ्ठ्याचा फर्मा कापला, दुकानात आणला. शुक्रवारचा नमाज सोडला तर दोन दिवस मी त्याच कामात होतो. प्लायवूडची पेटी केली, पुढे उतरती, मागे उंच. मागच्या भागावर फोमचा जाड थर दिला. बाईंचा खांदा डोळ्यांसमोर होता. कोपर टेकायला जागा मिळाली तर हात लोंबकळणार नाही, गिअर फक्त मनगटानं पडेल, असा माझा हिशेब. वरून मरून रंगाचं रेक्झिन, कडेला पांढरी पायपिंग. सीटेचे दोन भागही शिवून झाले. ते काम माझ्या हातचं होतं, त्यात काही अडलं नाही. खरं सांगायचं तर पेटी इतकी देखणी झाली की मी ती सायकलच्या कॅरिअरवर बांधून मुद्दाम बाजारातून नेली.

शनिवारी दुपारी मी ती गाडीत ठेवली. चपखल बसली. दोन्ही बाजूंनी स्क्रू मारले. भाऊ हात पुसत आला, ड्रायव्हरच्या जागी बसला, क्लच दाबला. पहिला गिअर पडला. दुसरा पडताना दांडा पेटीच्या कडेला घासला. तिसरा, चौथा, पाचवा ठीक. मग त्यानं रिव्हर्स टाकला. दांडा उजवीकडे मागे गेला आणि फोमच्या उंच कडेला अडला. त्यानं जोर लावला, त्याच्या बोटांची सालं पायपिंगवर निघाली, आणि गिअर अर्ध्यातून सुटून परत आला.

मी दांडा उभा असतानाच मापं घेतली होती. तो सहा दिशांना जातो हे मला कळत होतं, पण मापात आलं नव्हतं. भावानं बोटांकडे पाहिलं. मला वाटलं आता तो उतरून जाईल, आणि सोमवारी बाई येतील आणि मी पुन्हा एकदा माझ्या मनानं केलेल्या कामासमोर उभा राहीन.

तो उतरला नाही. त्यानं चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि दांडा थरथरू लागला.

"हात ठेव याच्यावर," तो म्हणाला.

मी ठेवला. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. दांडा माझ्या मुठीत एका बाजूला झुकला, सोडल्यावर परत आला.

"समजलं काय? इंजन रबरावर बसलं हाये. ते हालते तं हा बी हालते. तू उभ्या दांड्याचं माप घेतलं, अन् बंद गाडीचं. चार बोटं मी सगळ्या बाजूनं म्हनलो होतो, तू एकाच बाजूनं सोडले."

"एकाच बाजूले लिहिलं होतं, भाई."

त्यानं सोललेली बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाला, "हां. ते बी हाये." आणि इंजिन बंद केलं.

त्यानं पेटीला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. स्क्रू पत्र्यात नीट धरत नव्हते, पेटी डुलत होती. "हे दहा दिवसांत निंगून येईन," तो म्हणाला. "जमिनीवर लोखंडी पट्ट्या पायजे आरपार बोल्टानं, पेटी मंग त्याच्यावर बसन. वरून तू टाक, खालून मी नट धरतो."

पेटी काढली. कापायची खूण करायला मी दांडा एकेका गिअरला नेऊन, प्रत्येक जागी चार बोटं धरून, नव्या पुठ्ठ्यावर खडूनं ठिपके मारले. त्यानं पत्र्याचं झाकण काढलं, म्हणजे बोल्टांची भोकं खालून दिसतील, आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. मी वर, दोन सीटांच्या मध्ये, पोटावर आडवा. गिअरबॉक्सच्या बाजूला वीतभर फट होती. तिच्यातून मला त्याचा एक डोळा आणि अर्धी दाढी दिसत होती. दाढीत पांढरे केस बरेच झाले होते. सकाळी नळावर रोज पाहत होतो, पण दिसले नव्हते.

मी पट्टी धरून पहिला बोल्ट घातला. खालून त्यानं नट लावला. दुसऱ्याच्या वेळी तो म्हणाला, "खड्डा कायनं बुजवला होता?"

मला आधी कळलंच नाही तो काय विचारतो ते. मग म्हटलं, "मुरुमानं. वरून सिमिट."

"इटा काढल्या काय आतल्या?"

"नाही. तशाच हायेत. पायऱ्या बी."

"सिमिट किती?"

"दोन इंच असन."

"मंग फुटते," तो म्हणाला. "बोल्ट दे."

मी बोल्ट दिला नाही. माझा हात तसाच राहिला. मी त्या फटीत तोंड करून म्हटलं, "भाई, मले तुले इचारायले पायजे होतं."

"पायजे होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. जरा वेळानं तोच म्हणाला, "मी बी चिठ्ठी नाही धाडली. तिथं गेलतो तं तीन महिने कामच नाही भेटलं. कोळशाच्या पाट्या भरल्या. मिस्त्री म्हनून गेलतो अन् पाट्या भरून राह्यलो, हे काय लिहू तुले? अम्मीनं वाचून घेतलं असतं कोनाकडून." मग पुन्हा, "बोल्ट दे न."

मी बोल्ट दिला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, ग्रीसनं बुळबुळीत, सालं निघालेली. पुढचे नट लावताना आम्ही दोघंही बोललो नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं. दोन वर्षं छातीवर कुणीतरी बसलेलं असावं आणि ते सहज उठून बाजूला जावं तसं मला झालं. मी पोटावर पडूनच मोठा श्वास घेतला. गरम ऑईलचा वास आत गेला आणि खोकला आला. खालून तो हसला. "तोंड बाजूले घे," म्हणाला.

खड्ड्याचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो. झेरॉक्सवाला आणखी वर्षभर राहिला, कारण त्याला शब्द दिला होता आणि भावानंच तो पाळायला सांगितला. नंतर झेरॉक्सवाल्यानं मोठ्या रस्त्यावर जागा घेतली. मग भावानं आणि मी दोन दिवसांत ते सिमेंट फोडून मुरूम उपसला. विटा शाबूत होत्या.

रविवारी मी पेटी पुन्हा केली. आधीचं रेक्झिन वाया गेलं, मरून तेवढं उरलं नव्हतं, म्हणून काळं लावलं. भोक मोठं केलं आणि त्यावर ट्रकच्या ट्यूबचं रबर सैल घड्या पाडून बसवलं, दांडा कुठंही गेला तरी ते त्याच्याबरोबर जाईल असं. मागचा उंच भाग थोडा मागे सरकवला. संध्याकाळी भाऊ स्वतः माझ्या दुकानात आला, रबर बोटांनी ओढून पाहिलं, आणि त्याच्या खाली फेल्टचा एक थर दे म्हणाला, नाहीतर उन्हाळ्यात बाईंचा पाय भाजेल. आम्ही बोलतो आहोत हे पाहून झेरॉक्सवाल्यानं दोन माणसांच्या कॉप्या उलट्या काढल्या.

सोमवारी सकाळी बाई आल्या. आम्ही दोघं शेडच्या बाहेर उभे. त्यांनी काळी पेटी पाहिली, आत बसल्या. सीट पुढे ओढली, अगदी पुढे. भाऊ उंच आहे, मीही. गाडीत बसून पाहिलं होतं ते आम्हीच. बुटक्या माणसानं सीट पुढे ओढली की त्याचं कोपर पेटीवर कुठं येईल याचा विचार दोघांपैकी कुणी केला नव्हता. मी भावाकडे पाहिलं. त्याच्याही तेच मनात आलं होतं, कारण तो ओठ चावत होता.

बाईंनी डावा हात खाली सोडला. कोपर फोमच्या पुढच्या टोकावर आलं, अगदी कडेला, पण आलं. हाताचा पंजा दांड्याच्या मुठीवर पडला. त्यांनी क्लच दाबून पहिला टाकला, दुसरा, तिसरा, पाचव्यापर्यंत. मग थांबल्या. डोळे मिटले आणि न पाहता रिव्हर्स टाकला. तो पडला.

"मागे बसा दोघं," त्या म्हणाल्या.

आम्ही मागे बसलो. गाडी बसस्टँडवरून वळली आणि पुसदच्या रस्त्याला लागली. बाजूला पऱ्हाट्या उभ्या होत्या, काही ठिकाणी कापूस वेचायचा राहिलेला. प्रत्येक गिअरला भाऊ पुढे झुकून ऐकत होता, आणि मी पेटी डुलते का ते बघत होतो. डुलत नव्हती. एका बैलगाडीमागे त्यांनी गती कमी केली, चौथ्यावरून तिसरा घेतला, गाडीला वळसा घातला, पुन्हा चौथा, मग पाचवा. इंजिनाचा आवाज खाली बसला.

"दुखत नाही," बाई म्हणाल्या. आम्हाला नव्हे, समोरच्या काचेकडे पाहून. जरा पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "अजिबात दुखत नाही रे."

आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा गिअरवर होता, आणि तो तिथून उचलायची त्यांची इच्छा दिसत नव्हती. भाऊ मागे टेकला. त्यानं खिशातून सुपारी काढली, अर्धी मला दिली.

नाल्याच्या पुलाजवळ त्यांनी गाडी वळवून घेतली, तीही एका रिव्हर्समध्ये. आम्हाला शेडवर सोडलं आणि तिथूनच तांड्याकडे निघून गेल्या. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही उभे होतो. भाऊ म्हणाला, "पाचवा जरा कडक हाये. महिनाभरानं मोकळा होईन." मी म्हटलं, "पेटीचा आवाज नाही आला." तो म्हणाला, "नाही आला."

मग तो दुसऱ्या एका जीपखाली गेला आणि मी दुकानात आलो. त्या दिवशी शिवायला काहीच नव्हतं. फोमचे तुकडे कोपऱ्यात पडले होते, त्यांच्यावर मी जरा टेकलो आणि झोप लागली. अशी झोप कितीतरी दिवसांत लागली नव्हती. जाग आली तेव्हा अम्मी डबा घेऊन समोर उभी होती. आज तिचा कुणाकडे जेवायचा दिवस आहे ते तिला आठवत नव्हतं, म्हणून ती विचारायला आली होती. मी म्हटलं, "भाईलेच बोलावून आन. इथंच जेवू तिघं." ती डबा तिथंच ठेवून बसस्टँडकडे निघाली, आणि मी हात धुवायला उठलो.